आदल्या दिवशीची सही

बाउबाउ, २० मार्च

रुस्दिन,

सलाम. आईचा ताप उतरला आहे, दोन घास जेवते आहे. तुझा फोन मी उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू रडतोस आणि मग मला बोलायचं ते राहून जातं.

विमान बेपत्ता होऊन एकोणीस दिवस झाले. काल शोध थांबवला. समुद्रात एक चप्पलसुद्धा सापडली नाही. तुझ्या भाऊजींच्या, जम्रिनच्या नावाने मयताची नमाज पढायची की थांबायचं, हे इमामांनाही सांगता येईना.

इथे बंदरावर बोटीच्या तिकिटांची रांग हटत नाही. विमानाने जायचं नाव कोणी काढत नाही. जन्मात विमानात न बसलेली माणसंही कुठला भाग कधी बदलायला हवा होता ते सांगतात. मासेवाली नुरबाया परवा मला ऐकू जाईल असं म्हणाली, "भंगारातली विमानं आमच्याच बेटांना पाठवतात." मला तिचा राग आला नाही.

विमानतळावर कंपनीचा माणूस आला तेव्हा लोकांनी खुर्च्या फेकल्या. एक माझी होती. त्याच्या कपाळातून रक्त आलं. मला बरं वाटलं. त्याने कागद वाचला: विमान सुस्थितीत होतं, मकास्सरच्या तंत्रज्ञाने आदल्या दिवशी तपासून सही केली होती. नाव वाचलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही.

दर ईदला तू बायकोमुलांना बोटीने आणतोस. विमानं दुरुस्त करणाऱ्याला विमानाची भीती, असं आम्ही चिडवायचो आणि तू हसायचास. किती वर्षं सह्या करत होतास रे?

म्हणशील, ताई, मी तुला सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. त्या सोमवारी. "भाऊजींना बोटीनं यायला सांग. उंची दाखवणारा काटा तीनदा चुकलाय. साहेब म्हणतात, चालवून घ्या."

शुक्रवारी वाफिकाला बघायला पाहुणे येणार होते. बोट शनिवारी लागणार होती. मुलीच्या बैठकीत बाप नाही, हे मला लोकांपुढे नको होतं. मी जम्रिनला फोन करून पांढरा सदरा आणायची आठवण केली. तुझा निरोप सांगितला नाही.

पाहुणे आले तेव्हा सगळी गल्ली आमच्या टीव्हीसमोर बसली होती. ते दारातूनच परतले.

रविवारी चौकशी समितीच्या बाई घरी आल्या. मी त्यांना तुझं नाव दिलं. काट्याचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. माझं गप्प राहणंही सांगितलं. वाफिका दाराशी उभी होती. ती आजीच्या खोलीत गेली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही.

त्या बाई येत्या सोमवारी तुझ्याकडे येतील. साहेबाचं नाव घे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. होऊ दे. खोटं बोललास तर आईच्या मयतालाही येऊ नकोस.

खरं बोललास तर घरी ये. दार मी उघडेन. पुढचं मला माहीत नाही. तुला माफ केलं असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ.

अजून तरी तुझी ताई,
हस्नियार