तिसऱ्यांदा उचलायचे राहिले

मी, श्रीमती सुप्रभा नंदकिशोर खांबेटे, वय शहात्तर, राहणार कोबे, जपान, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. कोबेचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा केदार, राहणार योकोहामा, याला मिळावी.

२. माझे यजमान इथल्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळले, ते निव्वळ चुकीने. पायाने खेळायचा फुटबॉल समजून नाव नोंदवले आणि हातात लांबुडका चेंडू आला. दिलेले नाव मागे घ्यायचे नाही, या हट्टापायी पदवी मिळेपर्यंत खेळले. मग नोकरी सांभाळून, दर शनिवार-रविवार मैदानावर उभे राहून त्याच संघाचे कोच झाले. असा जिद्दीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांची शिट्टी त्यांचेच शिष्य, आताचे कोच हायाशी-सान, यांना द्यावी. मोठा कुकरही त्यांनाच. माझी खिचडी पुन्हा पुन्हा मागून घेणारे तेच.

३. धाकटे दीर जयेश या खेळाला "चेंडूसाठी मारामारी" म्हणत आले. त्यांना यजमानांचा हेल्मेट घातलेला फोटो द्यावा. तो त्यांनी दिवाणखान्यात लावावा. दुसरे काही देऊ नये.

४. इथे जिंकलेला संघ आपल्या कोचला तीनदा हवेत उडवतो. "अजिंक्यपद मिळाल्याशिवाय मला हात लावायचा नाही," अशी यांची ताकीद. अंतिम सामना दोनदा हरले. दुसऱ्या वेळी मुले रडत रडत उचलायला आली, तर हे म्हणाले, "हरल्यावर कसले उचलता? मैदान झाडा!" आणि पहिला झाडू स्वतः घेतला.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. शववाहिनीपाशी त्यांच्या आता केस पिकलेल्या खेळाडूंनी शवपेटी उंच उचलली. एकदा, दोनदा. तेवढ्यात केदार ओरडला, "अबुनाई! सांभाळा, बाबा पडतील!" ते थांबले, केदारपुढे वाकले आणि पेटी हळूच गाडीत ठेवली. तिसऱ्यांदा उचलायचे राहिले, ते मला आजही सलते.

केदार, तुझ्यावर राग नाही. तू वडिलांना जपलेस. पण त्या मुलांनी त्यांना पडू दिले नसते रे.

५. यांच्या अस्थी अजून घरातच आहेत. लोक बोलतात, बोलोत. त्या कापडात बांधून माझ्या शवपेटीत माझ्याजवळ ठेवाव्यात. हायाशी-सान व मंडळींनी ती पेटी एकदाच, पण उंच उचलावी. डोक्याकडची बाजू केदारने धरावी. पुढे दोघांच्या अस्थी एकत्रच होतील, त्या त्याने हव्या तिथे सोडाव्यात.

अजिंक्यपदाची यांची अट मी या मृत्युपत्राने रद्द करत आहे.

सही: सुप्रभा नंदकिशोर खांबेटे

साक्षीदार:
अनघा देवस्थळी, शेजारीण (सही)
सारंग मुजुमदार, संघाचे माजी खेळाडू (सही)

कोबे, ९ नोव्हेंबर २०२५