पातेल्याची कल्हई

कर्जत, मे १९७३. दिवेलागण.

काही केल्या मन थाऱ्यावर येत नाही. दुपारी सासूबाईंनी ताकाचं पितळी पातेलं चिंच आणि राखेनं घासलं. बाहेरून घासतातच. पण त्यांनी आतूनही घासघासून पिवळंधमक केलं! आतली पांढरी कल्हई पार निघाली. वर म्हणाल्या, "बघ, सोन्यावानी झालं का न्हाई?" "झालं की," म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार? लगेच त्यातच ताक भरलं त्यांनी.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच तर शिकवलं होतं. चिंच फक्त बाहेरून, आत चाळलेली राख, तीही हलक्या हातानं. कल्हई गेली की ताक कळकतं, पोटाला बाधतं. मग आज हे काय? नजर अधू झाली, की... नको तो विचार.

ताक मी गुपचूप मडक्यात ओतलं. चिंचेचं गाडगं फडताळात मागं लपवलं. पण ते पिवळं पातेलं डोळ्यांसमोरून हलत नाही.

मघाशी त्यांनी विचारलंच, "चिंच कुठं गेली गं?"

"संपली, आत्या."

बराच वेळ त्या पातेल्यात आतून बोट फिरवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं. आता संपलेलीच ऱ्हाऊ दे."