हौसाबाईंचा रताळ्याचा वेल

सोम., ३ नोव्हें., भोसरी
चूक सापडली. माझीच. माणसाच्या गुणसूत्रांच्या प्रती दोन, रताळ्याच्या सहा. डीएनए विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून 'दोन' भरलेलं असतं, मी ते बदललंच नाही. म्हणून चाकणकडच्या हौसाबाईंचं वाण आणि बाजारातलं एकच दिसलं. आज सहा भरून पुन्हा चालवलं. आलेखावर त्यांचं सगळ्यांपासून लांब, एकटं. दोनदा तपासलं.

मंगळ., ४
पीएचडीच्या गाइड सरांना सांगितलं. छापून आलेल्या लेखावर त्यांचंही नाव. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग, "लेख मागे घेऊ. पण त्या बाईंना तू काय लिहून दिलं होतंस?"
'वेगळेपण आढळले नाही.' खाली माझी सही.
घरी पप्पांना विचारलं, कंपनीत माप चुकलं तर काय करायचात? वाटलं, काहीतरी शिकवतील. म्हणाले, "लपवायचो गं. मग लॉट परत यायचा."

गुरु., ६
हौसाबाईंकडे गेले. ट्रक, कंटेनर, वाटेतच तास गेला. शेताला पत्र्याचं कुंपण. माझा कागद वाचून त्यांच्या मुलाने वेल उपटले, जागा गोदामाला दिली.
"तूच म्हनलीस न्हवं, बाजारातलं त्येच हाय? आईकडनं आनल्याला वेल व्हता माझा."
चुकले, मी म्हणाले. पानांतला डीएनए आमच्या फ्रीजरमध्ये आहे, हेही बोलून गेले. कशाला बोलले!
"मग लाव की त्यो परत."
त्यातून वेल उगवत नाही, हे त्यांना सांगताना...
निघताना त्यांना आठवलं. मोशीच्या भाचीला वेलाचे दोन तुकडे दिले होते.

रवि., ९
मोशी. भाचीच्या गच्चीत टबात वेल आहे. पण तिने रोपवाटिकेतूनही एक आणला होता. त्यातला जगला कुठला, ते तिला आठवेना. दोन पानं घेतली. दिसायला तसाच. दिसण्यावर आता विश्वास नाही.

शुक्र., २१
निकाल पुढच्या आठवड्यात. प्रतींचा आकडा सरांनी आणि मी, दोघांनी मोठ्याने वाचून भरला.
दुपारी हौसाबाईंचा फोन. "त्यो न्हाई निघाला, तर मला सांगू नगंस पोरी."
सांगावं लागेल, मी म्हणाले.
तिकडून ट्रकचे हॉर्न.
"बरं. पर फोनवर नगं. घरी ये."