सर्व्हर तापतोय

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.
वाचनालयाची स्वतःची मेलिंग लिस्ट सुरू! कुणाच्या उपकाराची नाही. आपल्या घरी, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या टेबलावर. एका पत्त्यावर मेल टाकला की एकशे साठ सभासदांना पोचतो. मेहुणा म्हणाला, फोनवर ग्रुप काढा, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत होतं ते काम कसलं?

शिस्त हवी म्हणून एक सेटिंग मुद्दाम केलं: सभासदाचं प्रत्येक पत्र आधी चिटणीसाने, म्हणजे मी, वाचून मंजूर करायचं. मगच पुढे.

वेळ कमी आहे. जागामालकाला आमचा हॉल जिमला द्यायचाय. शुक्रवारी पाचच्या आत हॉल वाचनालयाकडेच ठेवायला शंभर सभासदांची लेखी संमती दाखवली नाही, तर चाळीस वर्षांची पुस्तकं रस्त्यावर. सगळ्यांना आवाहन पाठवलं: संमती याच पत्त्यावर मेल करा. उद्या दुपारपर्यंत शंभर सहज होतील.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी.
संमती: शून्य. स्वतःच चाचणी मेल टाकून पाहिला, ताबडतोब आला. म्हणजे बिघाड नाही. म्हणजे सभासद मेलेले.

एक मात्र दिसलं. लिस्टच्या पानावर कोपऱ्यात लाल आकडा. सकाळी ३४, आत्ता ४१. सर्व्हर तापतोय! टेबलफॅन लावला. बायको म्हणाली, मला उकडतं तेव्हा हा पंखा कुठे असतो? दुर्लक्ष केलं.

बुधवार, ५ मार्च.
सकाळी ७. आकडा ५२ वर स्थिर. पंख्याचा गुण!

सायं. ६. आकडा ८६. तीनदा रीस्टार्ट केलं. दोन सेटिंग्ज बदलली, मग होती तशी केली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन: मी दोनदा पाठवलंय हो. त्यांना समजावलं की पाठवलंय असं वाटणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. बाईंनी फोन आपटला. वयाचा परिणाम.

गुरुवार, ६ मार्च.
११२. पाणी शंभरला उकळतं! कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, खाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. हात लावला तर गारेगार. आतून तापत असणार. संमती अजून शून्य.

शुक्रवार, ७ मार्च.
दुपारी ३.४०. १३१ अंश आणि एकही संमती नाही. या माणसांसाठी मी घर पणाला लावलं! लिस्टवर सगळ्यांना राजीनामा पाठवला. "तुम्हाला वाचनालय नको, जिमच हवी" हेही लिहिलं. माझं पत्र एका सेकंदात पोचलं. मंजूर करणारा मीच ना.

४.२०. बायकोने विचारलं, तो लाल आकडा कसला? तापमान, म्हणालो. तिने त्यावर क्लिक केलं. मी ओरडलो. पान उघडलं. वर लिहिलेलं: मंजुरीसाठी थांबलेली पत्रं.

एकशे एकतीस. सगळ्या संमत्या. मुख्याध्यापिकाबाईंच्या दोन.

बायकोने मला बाजूला सारून यादी छापायला टाकली. दुसऱ्याच पानाला प्रिंटर अडला. तिने कागद ओढून काढला, उरलेली पानं छापली आणि स्कूटर काढली. चार वाजून एकेचाळीस.

४.५७. तिचा फोन. जागामालकाने एकेक नाव मोजलं, बाईंचं एकदाच धरलं. एकशे तीस. हॉल आपलाच. मी खुर्चीत बसून चक्क रडलो.

मग शांत विचार केला. माझी यंत्रणा पहिल्या दिवसापासून निर्दोष होती! फक्त मंजुरी तेवढी राहिली होती.

शनिवार, ८ मार्च. सकाळी १०.
राजीनाम्याचं डोक्यातून गेलंच होतं. सभासदांची उत्तरं आली आहेत. अठ्ठ्याऐंशी. विषय सगळ्यांचा एकच: राजीनामा मंजूर. मुख्याध्यापिकाबाईंनी याही वेळी दोनदा पाठवलंय.

चिटणीसाने मंजूर केल्याशिवाय यातलं एकही पुढे जाणार नाही. आणि नवा चिटणीस नेमेपर्यंत चिटणीस मीच. मंजूर न केली तर? पण नियम मीच केलाय. बसलो. एकेक वाचतोय, एकेक मंजूर करतोय.

शेवटचं पत्र बायकोचं. स्वयंपाकघरातून पाठवलंय. राजीनाम्याला संमती आहे, टेबल रिकामं करा.

मंजूर केलं.