कडू चालीचे वाकडे सूर

प्रिय सुल्यान,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. हुरळून जाऊ नकोस. बाबांना जाऊन येत्या थंडीत तीन वर्षं होतील. सुतक फिटलं म्हणून दारावरचे पांढरे कागद काढून लाल लावायचे, गावजेवण घालायचं, मांडवात छिनछियांगच्या संगीत नाटकांचे खेळ करायचे. त्या दिवशी तू शीआनहून आपली नाटकमंडळी घेऊन येणार, पियानोसकट, असं काकूला परस्पर कळवलंस. मी थोरली अजून जिवंत आहे, मला विचारावंसं वाटलं नाही.

तुझ्या त्या 'नव्या छिनछियांग'चा प्रयोग दाखवायला मीच बाबांना शहरात आणलं होतं. नवा कोट घालून ते पहिल्या रांगेत बसले. तू कडू चाल, आपली रडण्याची चाल, सुरू केलीस आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्या चालीतला चौथा सूर जरा चढलेला, सातवा जरा उतरलेला. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहणारे. ते तू नेमके पट्टीवर आणून बसवलेस, कारण तुमच्या वादकांना तेवढंच वाजवता येतं. लोकांनी टाळ्या कुटल्या. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "पोरीनं वाकडं सरळ केलं गं. आता माणसानं रडायचं कुठं?" ते जेवायलाही थांबले नाहीत, आणि तू सगळीकडे सांगत सुटलीस की म्हाताऱ्याला नवीन काही सोसत नाही.

म्हाताऱ्यानं काय काय सोसलं ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या गुरूंची मंडळी गाढवांवर पेटारे लादून पश्चिमेच्या वाळवंटापर्यंत गात गेली. बोरीच्या लाकडाच्या टिपऱ्या आणि घसा, एवढ्यावर उघड्या माळावरची जत्रा गप्प बसवायची. पुढे क्रांतीच्या नावाखाली सरकारनं जुनी नाटकं बंद पाडली, तेव्हा बाबा शिक्षा म्हणून डुकरं राखता राखता तोंडातल्या तोंडात कडू चाल घोकत राहिले. मग ती आपल्या दोघींना शिकवली. मी वर्षानुवर्षं घासली. तुला ते सूर न शिकवता लागायचे. बानहूवर गज फिरवता फिरवता छियाओ काका सगळ्यांदेखत म्हणायचे, "धाकटीला देवानं दिलंय, थोरलीला बापानं." मला तेव्हाही तुझा राग यायचा, आजही येतो.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. गव्हाची कापणी झाल्यावर माझ्या घशातली गाठ काढली. तिच्याबरोबर आवाजही गेला. कुजबुजण्यापुरता परत येईल, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे बाबांच्या अंगणात मी गाणार नाही, आणि भाड्याच्या गवयाला मी गाऊ देणार नाही. लाल कागद लागण्याआधी एकच कडू चाल, काकांच्या बानहूवर. तेव्हा मंडळी आणि पियानो तिकडेच ठेव, एकटी ये, चार दिवस आधी ये आणि काकांसमोर बसून ते दोन सूर पुन्हा वाकडे कर. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण बाबांचं ते गाणं आता फक्त तुझ्या गळ्यात उरलंय, आणि हे मला स्वतःच्या हातानं लिहावं लागतंय याचा संताप येतो.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
यिनह्वान