तुझं बोट कोणी टोचलंच नाही

आई, हल्ली दुपारी जरा डोळा लागला की तू येतेस. करडी गावातल्या आपल्या घरी चुलीपुढे बसलेली असतेस, भाताच्या गंजावर ताट धरून पेज गाळत असतेस, आणि वाफेत तुझा चेहरा नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. बाबांना शुगर निघाल्यापासून आपल्याकडे पेज गाळायचीच. भातातली साखर तिच्यातून निघून जाते, हे तुझं शास्त्र. पण धानाच्या मुलखात पेज फेकून कशी द्यायची? मग मीठ टाकून तूच प्यायचीस, चांगली गडवाभर. "बायांले कुठं शुगर होते वं? ते तं बाप्याईचं दुखणं," म्हणत पदरानं ओठ पुसायचीस. तुझं तरी काय चुकलं? आपल्या गल्लीत ज्यांना ज्यांना शुगर होती, ते सगळे मिशीवालेच होते.

दर महिन्याला तू बाबांना घेऊन भंडाऱ्याला जायचीस. सुट्टी असली की मीही यायची. बाबा एवढे दांडगे, पण सुई दिसली की लहान पोरासारखे डोळे मिटून घेत. तू शेजारी बसून त्यांची टोपी मांडीवर धरून असायचीस. एकदा तो कंपाउंडर थट्टेनं म्हणाला, "काकू, तुमचंबी पाहून घेऊ का?" "मले काय धाड भरली?" तू म्हणालीस, आणि आम्ही सगळे हसलो. गाव येईपर्यंत तू बसमध्ये तेच आठवून हसत होतीस. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

मग तुझी पाळी गेली. किती खूश होतीस तू! बाजूला बसणं संपलं, देवघरात केव्हाही शिरता येऊ लागलं. "आता मी बाप्यासारखी मोकळी झाली," असं शेजारणीला अंगणातून ओरडून सांगितलंस. पुढे तुला तहान लागू लागली. घाम यायचा, थकवा यायचा, पोट सुटलं. बायका म्हणाल्या, पाळी गेली की असंच होते, अंगातली गरमी निघते. तूही तेच म्हणालीस. सगळ्याच दुखण्यांना ते एक उत्तर पुरत होतं. त्या वर्षी धानाच्या रोवण्यात, शेतातल्या बांधीच्या चिखलात तुझ्या पायाला काहीतरी लागलं. तू हळद भरलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरलीस. जखम भरेना. रक्त तपासायचं कोणाला तरी सुचलं, शुगर निघाली, तोवर विष अंगभर पसरलं होतं. बाबा तुझ्यानंतर कितीतरी वर्षं जगले, गोळ्या खात, पथ्य पाळत. मला त्यांचा राग यायचा. रागाला काही अर्थ नव्हता, तरी यायचा.

आता माझी पाळी जाऊन वर्ष उलटलं. साकोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गुडघे दाखवायला गेले, तर त्यांनी तुझी चौकशी केली. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाळी असते तोवर बाईच्या अंगातलं एक संप्रेरक तिला बऱ्यापैकी सांभाळून घेतं. म्हणून पुरुषांना शुगर बहुधा लवकर गाठते. पाळी गेली की तो सांभाळ ओसरतो, चरबी पोटावर बसू लागते आणि बाईचाही धोका वाढत जातो. पुरुषाचं संप्रेरक तर आणखीनच विचित्र: त्याच्यात ते कमी पडलं तरी धोका, बाईत जास्त झालं तरी धोका. मी मान हलवत होते आणि मनात तू अंगणातून ओरडत होतीस. म्हणजे ज्या दिवशी तू मोकळी झालीस, त्याच सुमारास तुझी राखणही उठली होती, आणि ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, उद्याच उपाशीपोटी या. मी हो म्हटलं आणि धान कापणी होईपर्यंत गेलेच नाही. भीती वाटत होती, आई. रोज आंघोळीला बसले की आधी पाय बघायची.

आज सकाळी गेले. नवरा सोबत येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. रक्त दिलं, बाहेर पायरीवर उन्हात बसले. समोर एक बाई सिंगाडे विकत होती, तिच्याकडे बघता बघता डोळे जड झाले, आणि तू आलीस की काय असं वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली. शुगर नाही. दरवर्षी तपासत जा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हसले, घरी फोन केला, सगळ्यांना बरं वाटलं.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. माझा तोंडवळा बाबांचा, चालणं बाबांचं, आवाजसुद्धा त्यांचाच, असं सगळे म्हणतात. 'नाही' हा शब्द ऐकला तेव्हा क्षणभर मला वाईट वाटलं. पाळी गेल्यावर तरी तुझं काहीतरी माझ्यात निघेल, असं वाटत होतं.