कुंपणावरची दुसरी वेल

अण्णा, उलव्याचं हे घर तुम्ही पाहिलं नाही. सोसायटीच्या मागे मोकळा प्लॉट आहे. तिथे पूर्वी बिल्डरचं बुकिंग ऑफिस होतं. ऑफिस गेलं, पण त्याच्या कमानीवर शोभेला लावलेली वेल राहिली आणि जाळीच्या कुंपणावर पसरली. त्याच जाळीवर गुळवेलही आहे. या दिवसांत गुळवेलीची पानं झडलेली असतात आणि नुसते लाल मण्यांचे घोस लोंबतात. शोभेच्या वेलीलाही लालच घोस येतात, आणि दोन्ही एकमेकींत पार गुंतलेल्या.

काल सकाळी चौथ्या मजल्यावरची सून तिथे कात्री घेऊन उभी होती. सासऱ्यांच्या शुगरसाठी काढा करायचा होता. तिच्या पिशवीत जाड, साल सुटलेली कांडी होती, ती गुळवेलच. पण त्यांत बारीक हिरव्या फांद्याही होत्या, फळांसकट. मी म्हटलं, "या काढून टाक. ही गुळवेल नाही, विषारी आहे."

"काय काकू, सकाळी सकाळी टेन्शन देता. लाल फळं आहेत ना? यूट्यूबवर सेम दाखवलंय."

"पान कसं असतं म्हणाले?"

"पानं आता गळलेली असतात म्हणाले."

"मग तुझ्या हातात हे काय आहे?"

ती हाताकडे बघत राहिली. एकाच देठावर चिरून वेगळी केल्यासारखी पानं होती ती. गुळवेलीचं पान अखंड असतं, बदामाच्या आकाराचं. जांभळं फूल दाखवलं, मधोमध पिवळं टोक, वांग्याच्या फुलाचं धाकटं भावंडच. फळ नखाने फोडलं तर आत टोमॅटोसारख्या चपट्या बिया निघाल्या. गुळवेलीच्या फळात एकच बी असते. एवढं झाल्यावर ती म्हणाली, "तरी मी मॅडमना विचारते हां."

मॅडम म्हणजे तुमची ती विद्यार्थिनी. कॉलेजातून रिटायर होऊन बेलापूरला राहते आणि रविवारी बायकांना टेकडीवर झाडं दाखवायला नेते. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायका तिच्याबरोबर जाऊन आल्यात. मी गेलेले नाही. तिच्या तोंडून 'आमचे सर' ऐकायला मी रविवारी लवकर उठणार नाही.

साताऱ्याच्या घराचा व्हरांडा मला अजून दिसतो. रविवारची दुपार आहे, तुम्ही दोघं डोंगरावरून आला आहात, बुटांना लाल माती आहे. आईने पहाटे दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या; तिसरं माणूस त्यात धरलेलं नव्हतं. मी येऊ का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझं कॉमर्स बरं आहे. झाडापुढे तुझी घाई चालायची नाही." आता वर्तमानपत्रावर वेली पसरल्या आहेत. तुम्ही तिला विचारताय, "नाव राहू दे. आधी सांग, ही चढते कशी? स्वतःच पिळत जाते, तंतू फेकते, की देठाने धरते?" ती वाकून बघते, वेळ घेते आणि म्हणते, देठाने. तुम्ही मोठ्याने हसता. घरात तुम्ही तसे हसत नव्हता. मी चहाचे कप घेऊन उभी आहे, मलाही बघायचं आहे, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "बाजूला हो गं, उजेड अडतोय." पुढे तुमचं भिंगही तिलाच मिळालं. मला घड्याळ दिलंत. चांगलं होतं घड्याळ.

तर काल सुनेने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. केस पांढरे झालेत तिचे. मला लगेच ओळखलं.

"अगं, तू! बरोबर आहे तुझं, फेकून द्यायला सांग तिला. आणि हात धुवायला सांग. पण तू आधी काय बघितलंस?"

"चढते कशी ते. देठाने धरते."

ती मग म्हणाली, "सरांचा प्रश्न हा. तुला कधी शिकवलं त्यांनी? तू तर कॉमर्सला होतीस."

"तू नसायचीस तेव्हा जायचो आम्ही," मी म्हटलं. "दोघंच."

"मला कधी बोलले नाहीत सर."

"नसतील बोलले."

"कुठल्या डोंगरावर जायचात?"

मी म्हटलं, रेंज नाहीये इथे, आणि फोन सुनेकडे दिला. सुनेने पिशवी कचऱ्यात ओतली, हात धुतले, आणि काकू, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत, असं दोनदा म्हणाली.

आज सकाळी बेलापूरहून फोन आला, मी उचलला नाही. दुपारी मेसेज आला: सर तुला कुठे न्यायचे, सांग ना, माझ्या डोक्यात सारखं तेच घोळतंय. तो मी किती वेळा वाचला, ते लिहीत नाही. तुमच्यानंतर खरं काय ते फक्त मला माहीत आहे. आणि अण्णा, मला ते तिला इतक्यात सांगायचं नाही.